शब्द पडला कड्यावरून

प्रश्न : एकाच आठवड्यात आमच्या घरात एक इंग्रजी शब्द तीनदा आला आणि तिन्ही वेळा वेगळा अर्थ घेऊन आला. मुलगी दहावीला आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘प्रेसिपिटेट’ म्हणजे परीक्षानळीत तळाशी बसणारा पांढरा पदार्थ. यजमानांच्या कारखान्यात युनियनला आलेल्या पत्रात ‘कोणतीही प्रेसिपिटेट कृती करू नये’ असं होतं. आणि मोबाइलवर हवामान बघायला गेले, तर तिथे ‘प्रेसिपिटेशन ८० टक्के’. घाई, साका आणि पाऊस यांचा एकमेकांशी संबंध काय? मराठीत या तिन्हींना मिळून एखादा शब्द आहे का? सासूबाई म्हणतात, तुरटी फिरवल्यावर हंड्याच्या तळाशी बसतो तोच तुमचा प्रेसिपिटेट. त्यांचं बरोबर आहे का?
– एक वाचक, भिवपुरी, ता. कर्जत

उत्तर : तुम्हाला प्रश्न ‘पडला’, हे आधी लक्षात घ्या. पाऊस पडतो तसा प्रश्नही पडतो. मराठीत काय पडत नाही? ऊन पडतं, थंडी पडते, दुष्काळ पडतो, भाव पडतात, स्वप्न पडतं, विसर पडतो, खड्डा पडतो, आणि गाठही पडते. वरून खाली येणाऱ्या आणि अजिबात न येणाऱ्या अशा शंभर गोष्टींना आपण एकाच क्रियापदावर बसवलं आहे, आणि त्याचं आपल्याला काहीच वाटत नाही. इंग्रजांनी तीनच गोष्टी एका शब्दात घातल्या, तर तेवढ्यासाठी त्यांना वेड्यात काढू नका.

शब्द मूळचा लॅटिन. ‘प्राय’ म्हणजे पुढे आणि ‘कापुट’ म्हणजे डोकं. दोन्ही मिळून ‘प्रायकेप्स’ : ज्याचं डोकं सगळ्यात पुढे आहे असा, म्हणजे डोक्यावर कोसळणारा. या ‘कापुट’चं नातं संस्कृत ‘कपाल’शी, म्हणजे आपल्या कपाळाशी, भाषाशास्त्रज्ञ जोडतात. इंग्रजीतले कॅप्टन आणि कॅपिटल हेही त्याच डोक्याचे. ‘प्रायकेप्स’वरून क्रियापद झालं, त्याचा अर्थ उंचावरून डोक्यावर खाली फेकणं. परीक्षानळी नाही, पाऊस नाही, पत्रही नाही. सुरुवातीला फक्त एक उंच जागा आणि तिथून खाली जाणारा एक माणूस.

मराठीत आपण मूर्खासारखं काही करणाऱ्याला विचारतोच ना, ‘डोक्यावर पडलायस का?’ रोमन माणसाला हा प्रश्न चटकन कळला असता. तो विचार न करता धावत सुटणाऱ्याला ‘डोक्यावर पडणारा’ म्हणे. आपण तो पडून झाल्यावर विचारतो, एवढाच फरक. आणि अशा उतावळ्याचं शेवटी काय होतं, त्यालाही आपल्याकडे दोन शब्द आहेत. थोडक्यात निभावलं तर तो तोंडघशी पडतो, नाही निभावलं तर कपाळमोक्ष. दोन्हींत पडताना पुढे असतो तो वरचाच भाग.

याच धातूपासून इंग्रजीत ‘प्रेसिपिस’ आला, म्हणजे तुटलेला कडा. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, या तिन्हींना मिळून मराठी शब्द आहे का याकडे, वळतो, कारण कडा म्हटल्यावर मराठी माणसाला जे आठवायला हवं ते आपल्याच जिल्ह्यात आहे. रायगडावरचं टकमक टोक. गुन्हेगाराला तिथून खाली लोटत, त्या शिक्षेचं नाव कडेलोट. प्राचीन रोममध्येही असा एक कडा होता, टार्पियन नावाचा. देशद्रोह्यांना तिथून खाली फेकत. म्हणजे दोन्ही संस्कृतींना शिक्षा एकच सुचली, आणि दोन्ही भाषांनी ती जपून ठेवली. रोमची शिक्षा शब्दकोशात शिरली आणि तिथून प्रयोगशाळेत आणि वेधशाळेत गेली. आपली शिक्षा वाक्प्रचार होऊन घरात आली : सहनशीलतेचा कडेलोट झाला, अन्यायाचा कडेलोट झाला. आजकाल हा शब्द वापरणाऱ्या कुणालाही समोर खरा कडा दिसत नाही. मला विचाराल तर ‘प्रेसिपिटेट’चा खरा मराठी भाऊ म्हणजे कडेलोट. अर्थाने तो थोडा दूर गेला आहे, पण रक्त एकच.

आता घाई. कड्यावरून पडणाऱ्या माणसाला थांबता येत नाही, वळता येत नाही, ‘जरा विचार करतो’ म्हणता येत नाही. कृतीही तशीच झाली, की इंग्रजीत ती ‘प्रेसिपिटेट’. म्हणून याचं भाषांतर नुसतं ‘घाईची’ असं केलं तर ते फिकं होतं. आपल्याकडे घाईच्या इतक्या जाती आहेत, की निवडताना सांभाळावं लागतं. लगीनघाईत आनंद आहे. तिथे हळदीची वाटी सापडत नाही, पण कुणाचं नुकसान होत नाही. घिसाडघाईत काम उरकलेलं असतं आणि ते उरकलेलं दिसतं. हातघाई म्हणजे प्रकरण थेट मारामारीवर आलेलं. उतावळेपणा हा स्वभाव आहे, गुडघ्याला बाशिंग बांधणारा. तुमच्या यजमानांच्या पत्रातल्या शब्दाला यातला कुठलाच पुरता बसत नाही. तिथे ‘तडकाफडकी’ हवा, किंवा अधिक कडक भाषा हवी असेल तर ‘आततायी’. ‘युनियनने कोणतेही तडकाफडकी पाऊल उचलू नये’ असं कुणी लिहिलं असतं, तर गेटवर वाचून दाखवताना कुणाची जीभ अडखळली नसती. पण पत्र लिहिणाऱ्याला बहुधा आपण वकील लावला आहे हेही कळवायचं असावं.

इथे एक फरक सांगून ठेवतो, मुलीला इंग्रजीच्या पेपरात कामाला येईल. याच घरातला आणखी एक शब्द आहे, ‘प्रेसिपिटस’. तो घाईसाठी नाही, चढउतारासाठी : तुटल्यासारखा उभा, खडा. माथेरानच्या टोकांखालचे कडे प्रेसिपिटस, आणि न विचारता नोकरी सोडणं प्रेसिपिटेट. इंग्रजी बोलणारेही यात गल्लत करतात, त्यामुळे तिची झाली तर फार बोलू नका. उच्चाराचीही एक गंमत आहे. क्रियापद म्हणताना शेवट ‘टेट’ असा स्पष्ट, आणि ‘घाईची’ या विशेषणाच्या अर्थाने म्हणताना तो ‘टट’सारखा दबलेला. लिहिताना मात्र दोन्ही एकच.

क्रियापदाचा आणखी एक वापर बातम्यांत सारखा भेटतो : अमुक गोष्टीने तमुक संकट ‘प्रेसिपिटेट’ केलं. याचा अर्थ ‘संकट निर्माण केलं’ असा नाही, आणि भाषांतर करणारे इथेच चुकतात. संकट आधीच कड्याच्या टोकावर येऊन उभं होतं. या गोष्टीने त्याला शेवटचा धक्का दिला. तुमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. त्याआधी पावसाने दिवसेंदिवस झोडपलं होतं. त्या पावसाने दरड ‘प्रेसिपिटेट’ केली असं इंग्रजीत म्हणता येईल, पण तेवढ्याने उतारावरची माती, तिच्याखालचा कातळ, दोघांच्या मधे मुरत गेलेलं पाणी आणि अशा उताराच्या खाली माणसांना वसावं लागणं, यांपैकी काहीच झाकलं जात नाही. डॉक्टरही दोन कारणं वेगळी धरतात : रोग ज्यामुळे होता ते, आणि त्या दिवशी झटका ज्यामुळे आला ते. मराठीत यासाठी ‘निमित्त’ हा शब्द आहे, आणि तो इंग्रजीपेक्षा नेमका आहे. ‘पावसाचं निमित्त झालं.’

आता परीक्षानळी.

सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातले किमयागार आणि वैद्य द्रावणांशी खेळत होते. एका निवळशार द्रावणात दुसरं निवळशार द्रावण ओतलं, की काही वेळा अचानक भांडं पांढरंधोप होई आणि तो पांढरेपणा तळाकडे कोसळे. बघणाऱ्याला वाटे, पाण्याने आतापर्यंत काहीतरी अंगावर पेलून धरलं होतं आणि नव्या पाहुण्याने त्याला खाली फेकलं. कड्यावरून माणूस फेकावा तसं. म्हणून तो पदार्थ ‘प्रेसिपिटेट’, खाली फेकलेला. मराठी परिभाषा करणाऱ्यांनी इथे चोख काम केलं आहे. ‘अवक्षेप’ या शब्दातलं ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘क्षेप’ म्हणजे फेकणं. लॅटिनमधली प्रतिमा जशीच्या तशी संस्कृतातून उभी केली. जुन्या पुस्तकांत आणि विश्वकोशात यालाच ‘साका’ म्हटलेलं सापडतं. तो शब्द मला जास्त आवडतो, कारण तो मुद्दाम घडवावा लागला नाही. तो आधीच भांड्याच्या तळाशी होता. पण परीक्षेत ‘अवक्षेप’च लिहायला सांगा.

मुलीच्या पुस्तकातलं उदाहरण बहुधा बेरिअम क्लोराइड आणि सोडिअम सल्फेटचं असेल. दोन्ही द्रावणं पाण्यासारखी स्वच्छ. एकत्र केली की बेरिअम आणि सल्फेट यांची जोडी जमते, आणि ही जोडी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ती पांढरी होऊन खाली बसते. सोडिअम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं साधं मीठ, वर पाण्यातच राहतं. समीकरणात बेरिअम सल्फेटच्या शेजारी खाली तोंड केलेला एक छोटा बाण असतो. मुलं तो काढायला विसरतात आणि गुण जातात. त्या बाणाकडे जरा थांबून बघायला सांगा तिला. सगळा इतिहास त्या बाणात आहे : वरून खाली, डोकं आधी.

आणि रसायनशास्त्रातली खरी मौज पुढेच आहे. घाई आणि अवक्षेप यांचा संबंध नुसता शब्दापुरता नाही, तो पदार्थातही आहे. मी बी.एस्सी.ला असताना बेरिअम सल्फेट तोलून त्यातून गंधकाचं प्रमाण काढायचा प्रयोग होता. कृती सरळ लिहिलेली : द्रावण पातळ आणि गरम ठेवा, बेरिअम क्लोराइड थेंब थेंब घाला, सतत ढवळा, मग भांडं तासभर मंद आचेवर राहू द्या. मला साडेचारची गाडी पकडायची होती. मी सगळं बेरिअम क्लोराइड एका दमात ओतलं. अवक्षेप पडला, भरपूर पडला, आणि गाळणकागदातून दुधासारखा आरपार खाली गेला. पुन्हा गाळला, पुन्हा गेला. सर मागे येऊन उभे राहिले, खालच्या पांढऱ्या पाण्याकडे बघितलं आणि काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले. गाडीही चुकली.

असं का होतं? सगळं एकदम ओतलं, की द्रावणात क्षणात गर्दी होते आणि एकाच वेळी असंख्य ठिकाणी कण जन्माला येतात. प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच माल येतो, म्हणून सगळे बारीकच राहतात आणि कागदाच्या छिद्रांतून निसटतात. शिवाय त्या धांदलीत द्रावणातली इतर अशुद्धीही सोबत ओढली जाते. हळूहळू घातलं तर थोडेच कण जन्मतात, आणि पुढे येणारा माल त्यांच्यावरच चढतो. कण मोठे होतात, जड होतात, तळाशी नीट बसतात. मंद आचेवर ठेवण्याचं कारणही तेच. बारीक कण पुन्हा विरघळतात आणि मोठ्यांवर जाऊन बसतात.

याहून सुंदर प्रयोग शिश्याचा आहे. तो शाळेत शिक्षकांच्या समोरच करायचा. शिसं विषारी आहे, घरी नको. लेड नायट्रेटमध्ये पोटॅशिअम आयोडाइड ओतलं, की हळदीसारखा पिवळा चिखल होतो. तोच चिखल भरपूर गरम पाण्यात विरघळवला आणि भांडं कोपऱ्यात निवत ठेवलं, तर थोड्या वेळाने त्यात सोन्याच्या टिकल्या चमकू लागतात आणि चमचम करत खाली उतरतात. पदार्थ तोच, लेड आयोडाइड. पण एकदा घाईने पाडला, एकदा सावकाश. इंग्रजीत या प्रयोगाचं नाव ‘सोनेरी पाऊस’ असंच आहे.

आणि पावसाचं नाव आलंच आहे, तर मोबाइलकडे जाऊ.

पावसाला ‘प्रेसिपिटेशन’ म्हणण्यामागेही रसायनशास्त्रच आहे. साखर पाण्यात विरघळते तसं पाणी हवेत विरघळतं, असं अठराव्या शतकातले युरोपी पंडित समजत. हवा गार झाली की तिला तेवढं पाणी पेलत नाही आणि ती ते खाली टाकते; परीक्षानळीत होतं तेच आभाळात. आता आपल्याला माहीत आहे, की वाफ हवेत विरघळलेली नसते, ती हवेच्या सोबत वेगळ्या वायूसारखी फिरत असते. समज गेली, शब्द राहिला. मराठी भूगोलाने मात्र वेगळी वाट धरली आणि ‘वृष्टी’ म्हटलं. त्यात पाऊस, गारा, हिम सगळं येतं. दव आणि धुकं हवामानशास्त्रात सहसा वृष्टीत धरत नाहीत, कारण ती वरून पडत नाहीत. दव पानावरच तयार होतं. आपण ‘दव पडलं’ म्हणतो, ती मराठीची सवय. तिला सगळं पडलेलंच हवं असतं.

‘८० टक्के’चा अर्थ बहुतेक वेळा शक्यता असा असतो : त्या वेळात तिथे पाऊस येण्याची शक्यता शंभरात ऐंशी. दिवसाचा ऐंशी टक्के वेळ पाऊस, किंवा भिवपुरीच्या ऐंशी टक्के घरांवर पाऊस, असं नाही. किती पडेल ते शेजारी मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, इतका सोपा हिशोब.

आणि आता ज्यासाठी तुमचं पत्र वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो, ते. तुम्ही भिवपुरीला राहता. हा शब्द समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही, कारण तुमच्या डोंगरावरचं एकच पाणी या शब्दाचे सगळे अर्थ एकामागून एक भोगतं.

पहिला अर्थ पावसाचा. अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि घाटमाथ्यावर पाणी टाकतात. आता एक विचित्र गोष्ट बघा : या पडण्यात घाई नाही. दोन किलोमीटर उंचीवरून थेंब नुसता पडला असता, तर जमिनीपाशी त्याचा वेग ताशी सातशे किलोमीटरच्या घरात गेला असता, आणि जूनमध्ये कोणी घराबाहेर पडलं नसतं. हवा त्याला अडवते. मोठ्यात मोठा थेंबही ताशी तीसेक किलोमीटरच्या आसपासच पोहोचतो. म्हणजे नाव ‘डोक्यावर कोसळणारा’, आणि चाल सायकलवाल्याची.

दुसरा अर्थ कड्याचा आणि घाईचा. घाटमाथ्यावरच्या आंदर मावळात पडलेलं पाणी आंद्रा नदीत जातं. आंद्राचा स्वभाव पूर्वेचा. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी देहू-आळंदीवरून भीमेला, भीमा पंढरपूरला चंद्रभागा होऊन पुढे कृष्णेला, आणि कृष्णा पार आंध्रातून बंगालच्या उपसागराला. हजार किलोमीटरहून लांब वाट, सगळी रमतगमत, वारकऱ्याच्या चालीने. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने ठोकळवाडीला धरण बांधून हे पाणी अडवलं, डोंगरातून बोगदा काढला आणि पश्चिमेच्या कड्यावरून पोलादी नळांतून थेट भिवपुरीच्या वीजकेंद्रावर सोडलं. १९२२ साली इथली वीज मुंबईकडे जाऊ लागली. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र झालं होतं, आणि नंतर १९२७ मध्ये भिऱ्याचं. पंढरपूरला निघालेलं पाणी कड्यावरून लोटलं आणि ते अरबी समुद्राच्या वाटेला लागलं. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात सोडा, अशी मागणी पुणे आणि सोलापूरकडून अधूनमधून होते. ती वेगळी लढाई आहे. पण शब्दाच्या दृष्टीने बघा, याहून नेमकी ‘प्रेसिपिटेट’ कृती कुठली?

नळातून हे पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली येतं. पावसाच्या थेंबाला हवा अडवते, तसं इथे कुणी अडवत नाही. वीज तयार करणाऱ्या चक्राच्या वाट्यांवर आदळताना पाण्याचा वेग हिशोबाने ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास निघतो. तुमच्या भिवपुरी रोडला थांबणाऱ्या कर्जत लोकलच्या तिप्पटीहून जास्त. अशा उंच पडणाऱ्या पाण्यासाठी पेल्टन चक्र वापरतात. त्याला दुहेरी वाट्या असतात, मधे धार असलेल्या. एवढा आटापिटा करून मिळतं किती? गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीएवढं पाणी पाचशे मीटर खाली टाकलं, तर जेमतेम सव्वा युनिट वीज. एक साधा पंखा पंधरा-सोळा तास फिरेल एवढीच. म्हणून तर अख्खी नदी लागते. आज भिवपुरीच्या केंद्राची क्षमता ७५ मेगावॉट आहे.

चक्रातून बाहेर आल्यावर पाण्याचा सगळा उतावळेपणा संपतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेच पाणी पेज नदीला बारा महिने वाहतं ठेवतं, राजनाला कालव्यातून कर्जतच्या शेतांत उन्हाळी भाताला जातं, आणि उल्हास नदीला मिळून बदलापूरकडे सरकतं. आणि तिथे तिसरा अर्थ त्याची वाट बघत असतो. नदीचं पाणी शहराला द्यायचं, तर आधी त्यातला गढूळपणा काढावा लागतो, आणि त्यासाठी शुद्धीकरण केंद्रात घालतात ती तुरटीच्याच कुळातली पूड, ॲल्युमिनिअम सल्फेट किंवा तिची नवी भावंडं. म्हणजे आंदर मावळात पाऊस म्हणून पडलेलं, भिवपुरीला कड्यावरून फेकलेलं पाणी, खाली शहरात पुन्हा एकदा ‘प्रेसिपिटेट’च्या तोंडी जातं.

आणि इथे तुमच्या सासूबाई. त्यांचं बरोबर आहे, पण पुरतं नाही. आणि उरलेला भाग असा आहे, की तो ऐकून त्या तुम्हालाच शिकवायला बसतील.

पावसाळ्यात हंड्यात आलेली माती पाण्यात विरघळलेली नसते, नुसती तरंगत असते. तिचे कण इतके बारीक, की स्वतःच्या वजनाने लवकर बसत नाहीत. शिवाय त्यांच्यावर सारखाच, ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत राहतात. ती माती हळूहळू तळाशी बसली, तर तो झाला गाळ. अवक्षेप नाही. जे मुळात विरघळलेलंच नव्हतं ते द्रावणातून बाहेर पडलं, असं कसं म्हणणार? अवक्षेप होतो तो तुरटीचा. तुरटी पाण्यात विरघळते, तिच्यातलं ॲल्युमिनिअम मातीच्या कणांवरचा भार मोडतं, आणि मग पाण्याशी क्रिया होऊन त्याचं ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड बनतं. ते विरघळत नाही. पांढऱ्या, बुळबुळीत पुंजक्यांच्या रूपात ते पाण्यात पसरतं आणि जाताना मातीला कवेत घेऊन खाली जातं. हंड्याच्या तळाशी सकाळी दिसतो तो दोघांचा मिळून ऐवज : माती डोंगराची, अवक्षेप तुरटीचा. मुलीने उत्तरपत्रिकेत गाळाला अवक्षेप लिहिलं तर चूक, आणि सासूबाईंच्या हंड्यातल्याला लिहिलं तर अर्धं बरोबर.

इथेही घाई चालत नाही, आणि हे त्या कुठलंही पुस्तक न वाचता करत असणार. तुरटीचा खडा हंड्यात चार-पाच वेढे फिरवायचा, तेवढ्यापुरतं पाणी ढवळायचं, म्हणजे ती सगळीकडे पोहोचते. मग हात काढून घ्यायचा. पुंजके जुळत असताना कुणी पुन्हा ढवळलं किंवा हंडा उचलून दुसरीकडे ठेवला, तर ते तुटतात आणि पाणी पुन्हा गढूळ होतं. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तांब्या वरच्या वर बुडवा, आणि तळची चार बोटं पाणी काढू नका. ते अंगणातल्या तुळशीला घाला. पिण्याचं पाणी मात्र उकळूनच घ्या. तुरटीने माती जाते, सगळे जंतू जात नाहीत.